एका घराचं एक मत

आमच्या मराठी मंडळाचा अध्यक्ष कायम डॉक्टर असायचा. तसा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण सत्तरच्या दशकात इंग्लंडमधल्या रीडिंग गावाच्या आसपासच्या हॉस्पिटलांत आलेल्या दहा-बारा डॉक्टरांनी मंडळ काढलं, घटनाही त्यांनीच बसून लिहिली आणि पुढची तीसेक वर्षं ते पद आपसांत फिरवलं. वार्षिक सभेत कोणीतरी नाव सुचवायचं, कोणीतरी अनुमोदन द्यायचं, टाळ्या व्हायच्या आणि लोक बटाटेवड्यांच्या दिशेनं उठायचे. मतदान कधी झालंच नाही. त्यामुळे मत कोणाला आहे, हा प्रश्नही कोणाला पडला नाही. मी स्वतः दोन वर्षं सभासदांच्या फॉर्मचं काम केलं होतं, तरी मलाही पडला नाही.

दोन हजार पाच-सहाच्या सुमारास पहिल्यांदा त्या खुर्चीसाठी दोन नावं आली. एक होते विद्यमान अध्यक्ष, हॉस्पिटलातले मोठे कन्सल्टंट. दुसरी होती सिस्टर.

सिस्टर सांगलीकडची. मिरजेत नर्सिंग शिकून इकडे आली, वॉर्ड सिस्टर झाली आणि निवृत्तही झाली. नवरा गेला होता, मूलबाळ नव्हतं. सगळं मंडळ तिला सिस्टरच म्हणायचं. मतपत्रिकेवर तिचं खरं नाव छापून आलं तेव्हा निदान तीन जणींनी मला फोन करून विचारलं, ही कोण? वीस वर्षं तिच्या हातचा चहा प्यायलेल्या बायका होत्या या.

तिला अध्यक्षपदाची हौस नव्हती. तिला मंगळवार वाचवायचा होता. दर मंगळवारी मंडळाच्या नावावर एका चर्चचा हॉल घेऊन ती म्हातार्‍यांना जमवायची. मुलांनी देशातून आणलेले आईवडील, दिवसभर बंद घरात हीटरशेजारी बसून असलेले. इंग्रजी येत नाही, बसची भीती, शेजारी कोण राहतं ते माहीत नाही. सिस्टर आपल्या लहानशा गाडीतून तीन-तीन फेऱ्या मारून त्यांना आणायची. पोहे, पत्ते, एखादं भजन, कोणाचं ब्लडप्रेशर बघणं. एक आजोबा मला म्हणाले होते, आठवड्यात मी मोठ्यानं बोलतो तो एवढाच दिवस. माझ्या सासूबाईही शेवटची दोन वर्षं तिथे जायच्या, आणि मंगळवारी सकाळी सहालाच पातळ नेसून तयार असायच्या.

अध्यक्षांनी हे बंद करायचं ठरवलं. कारण इन्शुरन्सचं. कोणी पडलं-बिडलं तर लायबिलिटी कोणाची? समितीच्या बैठकीत ते म्हणाले, "मंडळ म्हणजे कल्चर आहे. डे-सेंटर चालवायला कौन्सिल आहे ना." सिस्टरनं विचारलं, कौन्सिलच्या डे-सेंटरमध्ये मराठी कोण बोलणार? त्यावर ते हसले आणि पुढच्या विषयाकडे वळले. ते हसणं मी आधीही पाहिलं होतं. हॉस्पिटलच्या पार्ट्यांत ते नर्सेसशी बोलताना तसंच हसायचे.

दुसऱ्या दिवशी मी सिस्टरकडे गेले आणि म्हटलं, तुम्ही उभ्या राहा, मतं मी आणते.

ही माझी बढाई नव्हती, निदान तेव्हा मला तसं वाटलं नव्हतं. आमच्या भागातल्या कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, निवडणुकीत मी दोनदा स्वयंसेवक म्हणून राबले होते. पावसात पत्रकं वाटली होती, कुत्र्यांची भुंकणी ऐकली होती. इंग्रजांची पद्धत मला पाठ होती. आधी घरोघर जाऊन विचारायचं, तुम्ही कोणाला मत देणार? उत्तर यादीत मांडायचं: आपला, त्यांचा, अजून ठरलं नाही. मग मतदानाच्या दिवशी फक्त आपल्या माणसांची दारं पुन्हा ठोठावायची आणि त्यांना घराबाहेर काढायचं. मन वळवणं वगैरे नंतरचं. खुर्चीतून उठवणं हेच खरं काम.

तीच पद्धत मी मराठी माणसांना लावली. रीडिंग, ब्रॅकनेल आणि इकडेतिकडे विखुरलेली सगळी घरं वहीत उतरवली आणि तीन आठवडे रोज दुपारी घरातल्या पॅसेजमधल्या फोनपाशी स्टूल घेऊन बसले. दुपारी, कारण तेव्हा घरात बायका असत आणि त्यांना मोकळं बोलता येई. पुरुष हॉस्पिटलांत नाहीतर आयटी कंपन्यांत. आणि मंगळवार हवा होता तो बायकांनाच. सासूबाई दोन-तीन तास बाहेर गेल्या की सुनेला घरात जरा पाय पसरून बसता येतं, यात लाजण्यासारखं काय आहे? एक जण म्हणाली, "अगं, दॅट्स द ओन्ली डे आय कॅन ब्रीद. मी नक्की येणार. हंड्रेड परसेंट." दुसरी म्हणाली, "सिस्टरनं माझ्या आईला शेवटी काय सांभाळलंय, आम्ही कसे विसरू?" मी वहीत बरोबरच्या खुणा करत गेले. शेवटी इतक्या खुणा झाल्या की मी सिस्टरला फोन करून सांगितलं, आता भाषण लिहायला घ्या.

इंग्रज तोंडावर नाही म्हणतो आणि दार लावून घेतो. आपल्यात कोणी नाही म्हणत नाही. हे मला जन्मापासून ठाऊक होतं, तरी मी त्या खुणांवर विश्वास ठेवला. पण गंमत म्हणजे त्या बायका खोटं बोलत नव्हत्या. त्या आल्या.

सभा रविवारी होती. ज्यांच्याकडे गाडी नव्हती त्यांच्यासाठी मी ओळखीच्या शाळेची मिनीबस मागून आणली होती. सोळा जणींना आणि सहा म्हाताऱ्या माणसांना घेऊन आम्ही हॉलवर पोचलो. कोणी गजरे नाहीत म्हणून रेशमी फुलं माळली होती, एकीनं सगळ्यांसाठी चिवडा आणला होता. बसमध्ये बायका इतक्या हसत होत्या की सहलीलाच निघाल्यासारखं वाटत होतं. मला तेव्हा खरंच आनंद झाला होता, आणि त्या आनंदाची मला आजही चीड येते.

दाराशी टेबल मांडून मंडळाचे सेक्रेटरी बसले होते. हेही डॉक्टरच, पण जरा धाकटे. समोर सभासदांची यादी. पहिल्या बाईनं नाव सांगितलं. त्यांनी बोट फिरवलं आणि विचारलं, "डॉक्टरसाहेब आलेत का?"

"नाही, ते गोल्फला गेलेत."

"मग मत कसं देणार? फॉर्म त्यांच्या नावावर आहे."

मी पुढे झाले. ते शांतपणे म्हणाले, "वहिनी, घटनेत आहे. वन मेंबरशिप, वन व्होट. फॅमिली मेंबरशिप असेल तर फॉर्मवर पहिलं नाव ज्यांचं, त्यांनी द्यायचं. आता रूल इज रूल." त्यांनी घटनेची झेरॉक्स प्रत माझ्यापुढे सरकवली. वाक्य होतं. तीस वर्षं तिथेच होतं. मी म्हटलं, मग या आजोबांचं? ते म्हणाले, आईवडील डिपेंडंटमध्ये येतात, त्यांना मत नाही.

यादी मी ओळखली. माझ्याच हातची होती. फॉर्म अर्धवट भरून आले की मीच ते नीटनेटके टाइप करायचे: डॉक्टर अमुक, खाली सौभाग्यवती, खाली मुलं, खाली आईवडील. काही बायकांनी आपलं नाव आधी लिहून पाठवलं होतं, कारण फॉर्म त्यांनीच भरला होता. ती नावं मी खाली घेतली होती. यादी एकसारखी दिसावी म्हणून. कोणी सांगितलं नव्हतं मला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

पुढच्या वर्षी मी माझ्या एकटीच्या नावानं वेगळी मेंबरशिप घेतली, तेव्हा याच सेक्रेटरींनी आवाज खाली आणून मला विचारलं, "वहिनी, घरी काही बिनसलंय का?"

पण त्या दिवशी मी भांडले. खूप भांडले. आवाज चढला. मागे वळून पाहिलं तर माझ्या सोळा जणींतली एकही माझ्या शेजारी उभी नव्हती. दोघी-तिघी मोबाइलवर नवऱ्यांना विचारत होत्या, अहो, तुम्ही येताय का? बाकीच्या कोट काढून आत निघाल्या होत्या. जिनं मला फक्त मंगळवारी श्वास घेता येतो असं सांगितलं होतं, ती माझ्या दंडाला हात लावून म्हणाली, "लीव्ह इट ना. एवढं काय त्यात? चल, चहा तरी घेऊ." मला तिच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. त्यांना मत नाही याचा राग नव्हता, तर उभ्या उभ्या भांडण होतंय याची लाज वाटत होती. म्हातारी माणसं भिंतीशी ओळीनं बसली होती आणि काय चाललंय ते एकमेकांना विचारत होती.

शेवटी मी सेक्रेटरींना म्हटलं, ठीक आहे, निदान आमच्या घरचं मत तरी घ्या. ह्यांची आज ऑन-कॉल ड्यूटी आहे, ते येऊ शकत नाहीत. त्यांच्या वतीनं मी देते.

त्यांनी यादीत पाहिलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुमचं झालंय, वहिनी. डॉक्टरांनी चिठ्ठी पाठवली होती. मागच्याच्या मागच्या आठवड्यात."

ऑन-कॉल असणाऱ्यांनी बंद पाकिटातून मत पाठवायची सोयही घटनेत होती. ती डॉक्टरांनी डॉक्टरांसाठी लिहिली होती, तेव्हा असणारच.

सिस्टर पडली. फार मोठ्या फरकानं पडली. तिनं उभं राहून अध्यक्षांचं अभिनंदन केलं, त्यांनी तिला पुष्पगुच्छ दिला आणि तिच्या सेवाभावाबद्दल चार वाक्यं बोलले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या सोळा जणींनीही.

घरी आले तेव्हा हे ड्यूटीवरून परतून जेवत होते. मी कोटसुद्धा न काढता विचारलं, "तुम्ही मत कोणाला दिलंत?"

त्यांनी लपवलं नाही. लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं. "अर्थातच त्याला. अगं, मी इकडे नवा आलो, नोकरीसाठी रेफरन्स मिळत नव्हता, तेव्हा त्यानं माझ्यासाठी शब्द टाकला होता. त्याच्याविरुद्ध कसं जाणार?"

"आणि मी तीन आठवडे फोन करत होते ते?"

"तुला उत्साह होता. म्हटलं करू दे." मग पोळीचा तुकडा मोडत म्हणाले, "आणि खरं सांगू का, सिस्टर बाई चांगली आहे, पण प्रेसिडेंट? शी वॉज अ नर्स."

मी म्हटलं, तुमच्या आईला तिनं न्हाऊ घातलंय, शेवटच्या महिन्यात. ते म्हणाले, "म्हणूनच तर म्हणतो, चांगली आहे."

तीन आठवडे मी साऱ्या गावाच्या घरांत डोकावत होते, आणि दिव्याखाली अंधार. ऑन-कॉलची रात्र झाली की दुसऱ्या दिवशी दुपारी ते घरीच असत, आणि माझा आवाज त्यांना समोरच्या खोलीत ऐकू जात असे. एकीला मी सांगत होते की आमचं घर पक्कं सिस्टरचं, तेव्हा ते तिथेच पेपर वाचत होते. पाकीट कदाचित त्याच दिवशी पोस्टात पडलं असेल. त्या रात्री मी स्वयंपाकघराची झाकपाक केली, भांडी घासली, दुसऱ्या दिवशीचा त्यांचा डबा भरला. भांडले नाही. दाराशी परक्या माणसाशी एवढं भांडले आणि घरात एक शब्द काढला नाही, याचं मला आजही उत्तर देता येत नाही.

शेवटचा मंगळवार पंधरा दिवसांनी झाला. सिस्टरनं शिरा केला होता. म्हाताऱ्या माणसांना आपण हरलोय हे पुरतं कळलं नव्हतं. हॉल काही दिवस बंद राहणार, एवढंच त्यांना मुलांनी सांगितलं होतं. जाताना प्रत्येक जण तिला म्हणाला, पुन्हा सुरू झालं की फोन कर. ती प्रत्येकाला हो म्हणाली.

सगळे गेल्यावर आम्ही दोघी खुर्च्या रचत होतो. ती म्हणाली, "ते मतं मोजत होते तेव्हा मी सारखी विचार करत होते, यातलं कुठलं कोणाचं असेल. डॉक्टर लोकांच्या घरांतून मला काही मिळालं नसणार, ते मला आधीपासून कळत होतं. तुमचं सोडून."

मी खुर्ची उचलून दुसरीवर ठेवली.

"तुझ्या ह्यांनी दिलं ना गं मला?" तिनं विचारलं. "त्यांच्या आईसाठी तरी?"

मी म्हटलं, "दिलं ना. त्यांनी तर सगळ्यांच्या आधी पाठवलं."

तिचा चेहरा इतका खुलला की मला बघवेना. "त्यांना माझा थँक्यू सांग," ती म्हणाली. "नको, मीच फोन करीन."

तिनं त्याच संध्याकाळी फोन केला. हे फोनवर ऐकत राहिले, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "अहो सिस्टर, त्यात काय एवढं."