राखीव राऊटर

आठवीत शाळा सोडून मी किनवटहून नारायणगावला आलो आणि इंटरनेटची कामं शिकलो. राजुरीच्या एका दूध डेअरीत पहिल्यांदाच एकट्यानं दोन राऊटर बसवले. एक बंद पडला की दुसऱ्यानं आपोआप काम उचलायचं. हे जमलं तरच माझे मालक मला कायम ठेवणार होते.

मालकांसमोर मी पहिल्याची वायर काढली. नेट गेलं ते आलंच नाही.

डेअरी सांभाळणाऱ्या मावशी पुढं आल्या. "दुसऱ्याचं बटन मीच बंद केलं. नुसताच बसून लाईट खात व्हता."

त्या गप्प बसल्या असत्या, तर खापर माझ्यावरच फुटलं असतं.

"मावशी, तो बसून नसतो," मी म्हणालो. "पहिल्याला सारखा विचारतो, आहेस का? उत्तर आलं नाही की स्वतः कामाला लागतो."

"तुझ्या आईवानी म्हण की. सकाळपास्नं तुला दोनदा फोन करून तेच इचारलं तिनं."

मालक हसले. मी पहिल्याची वायर परत जोडली, मावशींनी बटन चालू केलं. थोड्या वेळानं मी पुन्हा वायर काढली. नेट जरासं अडखळलं आणि परत सुरू झालं.

"उद्या घोडेगावला असेच दोन बसवायचेत," मालक म्हणाले. "एकटाच जा."

मावशी बटनावर चिकटपट्टी लावत होत्या, तेवढ्यात आईचा फोन आला. मी लगेच उचलला.