खिसेकाकांनी बारीक केलेलं पुस्तक

आमच्या इस्पितळाच्या उपचार-पुस्तिकेत सुरुवातीला अकरा डॉक्टरांचे आभार मानले आहेत. त्यातल्या चौघांनी एक ओळही लिहिलेली नाही. संपादक मीच होते, मला ठाऊक आहे. त्या पुस्तकाला आजचा आकार दिला तो कपडेखोलीतल्या शिंपीकाकांनी. 'माझं नाव घातलंत तर बघा,' असा त्यांनीच दम भरला होता. शिकाऊ डॉक्टर त्यांना खिसेकाका म्हणत, मीही तेच म्हणते.

कपडेखोली तळमजल्याच्या टोकाला, धुलाईघराला लागून. दुपारी तिथे गेलं की पाण्याखाली उतरल्यासारखं वाटे. वाफ दाराच्या फटीतून येऊन रेंगाळायची, दुधी काचांमधला उजेड चादरींच्या थप्प्यांवर निवांत पडून असायचा. दोरीवर पांढरे कोट पंख्याच्या वाऱ्यानं बाह्या हलवत, जणू डोकी घरी विसरून राउंडला निघालेले डॉक्टर. शिवणयंत्राची घरघर अगदी शेजारी असून लांबच्या गावातून आल्यासारखी. मला बसायला वेळ नसायचा, तरी मी बसायची.

पुस्तक पहिल्यांदा निघालं तेव्हा चौसष्ट पानांचं होतं. रुग्णाच्या खाटेशी उभं राहून नवख्या डॉक्टरला चटकन पाहता यावं, कोणतं औषध, किती, कधी थांबायचं, एवढ्यासाठी. मग दर आवृत्तीत एकेका विभागप्रमुखाला आपलं प्रकरण घुसवायची हौस आली. पुस्तक फुगत गेलं आणि खिसेकाका कोटांचे खिसे वाढवत गेले. सहाव्या आवृत्तीत पानं झाली तीनशे बारा.

तेवढ्यात इस्पितळानं तयार कोट घ्यायला सुरुवात केली. त्यांच्या खिशात पुस्तक मावेना, म्हणून काका तो खिसा उसवून मोठा लावत. त्यांची जागा टिकली होती ती एवढ्यावरच. अधीक्षक मला म्हणाले, 'पुस्तक खिशात बसवा, मग शिंपी कशाला हवा?' शिंपीकाम बंद झालं की काकांची रवानगी धुलाईघरात चादरी मोजायला, आणि एकतीस वर्षांचं यंत्र भंगारात. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं.

मी खाली गेले. 'काका, सातवी आवृत्ती जाडच राहू दे. तुम्ही निवृत्त झालात की बघू.'

दातानं दोरा तोडून त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. 'माझ्यासाठी?'

'मग काय माझ्यासाठी?'

'बाई, एवढ्या शिकलात, आणि हे बोलता?'

त्यांनी खण ओढला. धुवायला आलेल्या कोटांत विसरलेली पुस्तकं त्यात होती, वर्षानुवर्षांची. एकेक पुस्तक पाठीवर उभं करून ते सोडून देत. प्रत्येक त्याच त्याच जागी उघडे.

'हे दम्याचं. बघा किती मळलंय. हे झटक्यांचं, यावर चहा. आणि हे?' त्यांनी अंगठा फिरवला. 'कोरं करकरीत. तुमच्या कान-नाकवाल्या साहेबांच्या पानांना कुणी बोट लावलेलं नाही.'

'हे त्यांना तुम्हीच सांगा.'

'मी कशाला? मी शिंपी!' हसता हसता त्यांनी हातातलं पुस्तक खाली ठेवलं. 'हल्ली विसरलेली पुस्तकं येतच नाहीत, बाई. कोट एका खांद्यावर लोंबतो म्हणून पोरं पुस्तक ड्यूटी रूममध्ये ठेवून खाटेशी जातात. परवा एक पोरगी आली. समोर झटके येणारं मूल, पुस्तक दोन मजले खाली, हिला काही आठवेना. सिस्टर होत्या म्हणून मूल वाचलं. ही मात्र इथं चादरीत तोंड खुपसून रडली. पातळ करा.'

'तुमचं यंत्र जाईल.'

'मला कळत नाही होय?'

मग पंधरा दिवस दुपारी आम्ही दोघं खिडकीशी बसलो. ते एकेक पान उजेडाला धरत. बोटांचे ठसे, शाईचे डाग, दुमडलेले कोपरे. त्या दुधी उजेडात मला पानाआड पोरांचे हातच दिसायला लागले, कापरे, घामेजलेले. विषबाधेचं पान मी काढणार होते. ते सगळ्या प्रतींत दुमडलेलं निघालं, राहिलं. एकशे चाळीस पानं उरली. विभागप्रमुखांनी आकांडतांडव केलं. कान-नाकवाले त्यानंतर माझ्याशी बोलले नाहीत, तो त्रासही वाचला.

छापलेली पहिली प्रत मी काकांना नेऊन दिली. त्यांनी एक तयार कोट अंगात चढवला, पुस्तक खिशात सरकवलं, खोलीभर फेऱ्या मारल्या, रुग्णावर वाकावं तसे टेबलावर वाकले. पुस्तक पडलं नाही.

'बसलं,' म्हणाले, आणि कोट काढून दोरीवर टांगला.

सोमवारी यंत्र गेलं. काका धुलाईघरात चादरी मोजायला बसले. मी अधूनमधून डोकवायची. वाफेत ते पुसट दिसत, ओठ हलत असायचे. एखादा शिकाऊ डॉक्टर शेजारून गेला की मोजणी थांबवून त्याच्या खिशाकडे बघत राहत. मग आकडा विसरायचे, आणि स्वतःवरच चरफडत थप्पी पुन्हा पहिल्यापासून मोजायचे.