धनराजला आणायला आम्ही तिघी

हा ब्लॉग माझ्या नातीचा, शुभांगीचा. एरवी ती इथं कचारगडच्या गुहांपर्यंत कसं चढायचं, नवेगावबांधला पाखरं कधी येतात, असलं लिहिते. आज बोलून राहिली मी आणि लिहून राहिली ती. मला अक्षर येत नाही, तोंड तेवढं येतं. मध्येच ती म्हणते, "आजी, हे नको." ते मी मुद्दाम दोनदा सांगते.

प्रवास गोंदियाजवळच्या आमच्या कामठ्याहून नागपूरचा, सकाळी निघून संध्याकाळी परत. हौसेनं करावा असा नाही. पण आपल्याकडची कितीतरी पोरं बाहेरदेशी कामाला गेली आहेत. त्यांच्यातल्या कोणाच्या घरी हा रस्ता विचारायची पाळी आली, तर मला जसं सांगायला कोणी नव्हतं, तसं त्यांचं व्हायला नको.

माझा धाकटा, धनराज, आखातात क्रेन चालवायचा. एक दिवस झोपला तो उठलाच नाही. छातीचं काही तरी, म्हणाले.

संध्याकाळी टीव्हीवर एक मालिका लागते, परदेशातल्या आपल्या सरकारी कचेरीची. कोणाचा पासपोर्ट हरवतो, कोणाची बायको बाजारात चुकते, कोण्या म्हाताऱ्याची लोणच्याची बरणी विमानतळावर फुटते. अंबाडा घातलेली एक मॅडम आणि दुसऱ्यांचे डबे खाणारा एक जाडा बाबू, दोघं मिळून सगळ्यांना शेवटच्या जाहिरातीच्या आत घरी पोचवतात. धनराज त्या वेळेला तिकडून व्हिडिओ कॉल लावायचा आणि मी फोन टीव्हीसमोर धरायची. तो म्हणायचा, "माय, इथल्या कचेरीत एवढं हसत नाही कोणी." मी म्हणायची, "तू तोंड धुवून जात नसशील."

तो गेल्यावर खऱ्या कचेरीतून फोन येऊ लागले. एक पोरगा होता, हिंदीत बोलायचा. मी पहिल्याच दिवशी विचारलं, "तुमच्यात ती अंबाड्यावाली मॅडम आहे का बाबा?"

"माँजी, वो तो सीरियल है. यहाँ मैं ही हूँ."

मला तो आवडला. उद्या पाठवतो, परवा पाठवतो असं खोटं कधी बोलला नाही. पोलिसांचा कागद, दवाखान्याचा कागद, कंपनीचा कागद, मध्ये तिकडची सुट्टी. दर वेळी म्हणायचा, "आएँगे माँजी, पर टाइम लगेगा."

इकडं मात्र धान कापून शेताच्या वाफ्यांत, बांध्यांत, पडलं होतं. आमच्या भावकीत गेलेल्या माणसाला आग दिल्याशिवाय सुतक सुटायला लागत नाही, आणि सुतकात कोणी धानाला हात लावत नाही. एका धनराजसाठी सगळ्या भावकीचं धान दवात भिजत होतं. देवाजी भाऊजी माझे धाकटे दीर. भावकीत त्यांचा शब्द चालतो. ते येऊन ओट्यावर बसले.

"वहिनी, एवढ्या दिवसांनी कोणी येत नाही आता. धान कोंबारून राहिलं. पळसाचा करून टाकू."

मी म्हटलं, थांबा. माझं थांबा भावकीत किती चालतं, ते मला आधीच माहीत होतं.

माणूस सापडला नाही की आमच्याकडं पळसाच्या पानांचा माणूस करतात. डोक्याच्या जागी नारळ. अंगात धनराजचाच निळा शर्ट घातला. माझ्या मोठ्यानं, शंकरनं, आग दिली. धनराजच्या बायकोच्या, सुनीताच्या, बांगड्या फोडल्या. लेकरू नाही तिला. ती रडली नाही, पानांकडं नुसती बघत राहिली. तेरवी झाली, जेवणं झाली, खळ्यावर मळणीची मशीन सुरू झाली.

आणि मग फोन आला. "माँजी, परसों की फ्लाइट है. नागपुर."

आता बघा गंमत. ज्याला एकदा जाळलं, त्याला दुसऱ्यांदा जाळता येत नाही म्हणे. देवाजी भाऊजी म्हणाले, "त्याची आग झाली, पिंड झाले. मंग पेटीत कोण येऊन राहिला?"

मी म्हटलं, "तुमचा पुतण्या. ओळख करून देऊ का?"

पुरुषांपैकी कोणी हात लावायला तयार नव्हतं. हात लावला की पुन्हा सुतक, पुन्हा मशीन बंद. शंकर निघाला होता, पण त्याला मीच थांबवलं. त्याला म्हटलं, तू इथं राहून जागा ठरव, आणायचं आम्ही बघतो. सुनीता, शुभांगी आणि मी, अशा तिघी निघालो.

गोंदियाहून शववाहिनी केली. एक सांगते, भाडं येण्याजाण्याचं आधीच बोलून घ्या, पेट्रोल आणि टोल त्यातच म्हणा. नाहीतर परतीच्या वाटेवर, जेव्हा तुम्ही काहीच बोलू शकत नाही, तेव्हा ते बोलतात. पोराची मूळ कागदं आणि त्यांच्या झेरॉक्सा वेगळ्या पिशवीत ठेवा. पाणी घरून न्या. आणि शाल न्या, मागच्या बाकावर थंडी फार वाजते. माणूस बसायचा बाक तो नाहीच.

गोंदियात सकाळीच गर्दी. गोरेगाव गेलं की रस्ता सुधारतो. पुढं मुरदोलीचं जंगल लागतं. सागाची पानं रस्त्यावर पडली होती, गाडीखाली करकर वाजायची. ड्रायव्हर म्हणाला, "आजी, इथं वाघ दिसते कधी कधी."

"थांबू नको. त्याले म्हण, परतीच्या वेळी ये, तेव्हा गाडी भरलेली राहील."

शुभांगी ओरडली, "आजी!" सुनीता मात्र हसली. सगळं झाल्यापासून पहिल्यांदा हसली आणि लगेच पदर तोंडात धरून रडायला लागली. रडू दिलं. पळसाच्या पानांसाठी तिला रडता आलं नव्हतं.

कोहमाऱ्याला ढाब्यावर चहा आणि आलुबोंडा घेतला. चहा दहा रुपयांचा, गोड जास्त. तिथून मोठा रस्ता लागतो. साकोली, लाखनी, भंडाऱ्याला वैनगंगेचा पूल. त्याच नदीत पळसाची राख सोडली होती. सुनीतानं पुलावर खिडकीतून हात जोडले आणि मग माझ्याकडं बघून म्हणाली, "माय, मी कोणाले हात जोडले?"

नागपूरला पोचल्यावर आम्ही चुकलो. विमानतळ म्हणून लोक जिथं उतरतात तिथं गेलो. तिथं एका पोराला घ्यायला झेंडूचे हार घेऊन घरचे लोक उभे होते, एक लहान पोरगी बाहुलीवाणी नटून आली होती. शिपाई म्हणाला, "ताई, डेड बॉडी कार्गो से मिलती है, इधर से नहीं." म्हणून सांगते, सरळ कार्गोचं गेट विचारा. तिथं सामान उतरतं. खोक्यांच्या रांगा, औषधांची खोकी, मशिनींचे भाग. त्यातच एक लांब लाकडी पेटी आली, ढकलगाडीवर, बाकीच्या सामानासारखीच वजन करून.

खिडकीतल्या बाबूनं विचारलं, "मृतकाचं कोण?"

मी तोंड उघडायच्या आत सुनीता पुढं झाली. "बायको." तिनं सही केली.

पेटीचं वरचं झाकण सरकवून चेहरा दाखवतात. दाखवा म्हणावं लागतं, आपणहून दाखवत नाहीत. तुम्ही म्हणा. मी पाहिलं. पोरानं तिकडं मिशी काढून टाकली होती, मी फोन टीव्हीकडं धरायची, म्हणून मला ते कधी दिसलंच नव्हतं. अगदी शाळेत जायचा तसा दिसत होता. गालाला हात लावला तर फळीसारखा गार. मी म्हटलं, "इतका उशीर? तुझ्या काकानं तुले जाळून टाकलं ना रे." शुभांगी म्हणते हे लिहायचं नाही.

तेवढ्यात कचेरीतल्या पोराचा फोन. "माँजी, मिल गए?"

"मिला बाबा. तोच आहे."

परतीला कोहमाऱ्याला पुन्हा थांबलो. ढाबेवाला धावत आला, म्हणाला, "गाडी बाजूला लावा, गिऱ्हाईक बिचकते." मी म्हटलं, "तो उतरून जेवायला येत नाही बापा, घाबरू नको." पण गाडी बाजूला घ्यायला लावली. त्याचंही पोट आहे.

तिथंच शंकरचा फोन आला. देवाजी भाऊजी मसणात आग देऊ देत नव्हते. म्हणत होते, नागपूरलाच परत नेऊन विजेच्या भट्टीत जाळून या, गावात दोनदा आग नको. शंकर रडकुंडीला आला होता. भावकीशी भांडण केलं तर उद्या त्याच्या पोरीच्या, या शुभांगीच्या, लग्नात कोण उभं राहील? पोराला दारापर्यंत आणलं आणि दार बंद.

सुनीता दोन्ही हातांत चहाचा ग्लास धरून बसली होती. ग्लासातच बघत म्हणाली, "आग झाली ना, माय? मंग माती देऊ. आपल्या बांधीत."

आमच्याकडं लहान लेकरांना माती देतात. दात न आलेल्या लेकराला कोणी आग देत नाही. माझ्यापुढं तो केवढा मोठा होता?

मी फोन देवाजी भाऊजींना द्यायला सांगितला. "भाऊजी, तुम्ही आगीचं सुतक पाळून टाकलं. आता मी माती देते. मातीचं सुतक कोणतं ते तुम्ही आरामात शोधा, मशीन चालू द्या."

ते म्हणाले, "अन् जमीन कोणाची?"

"माझ्या नवऱ्याची. तुमच्या भावाची."

फोन शंकरकडं परत गेला.

पोचलो तेव्हा सूर्य टेकला होता. शंकर आणि दोन मजुरांनी बांधीच्या कोपऱ्यात, धुऱ्याच्या बांधाजवळ, खड्डा खणला होता. धान कापलेली जमीन, खाली लाखोळीचं कडधान्य उगवून आलेलं, त्यावर पाय ठेवून आम्ही गेलो. आमच्यात बाया मसणात जात नाहीत. पण हे मसण नव्हतंच, शेत होतं, आणि शेतात आमचा सगळा जन्म गेला. पहिली मूठ सुनीतानं टाकली, दुसरी मी.

देवाजी भाऊजी लांब, दुसऱ्या धुऱ्यावर आमच्याकडं पाठ करून उभे होते. माती पुरी झाली तेव्हा तिथूनच ओरडले, "खोल केलं ना रे? रानडुकरं येतात!" आवाज फाटला होता. मग स्वतःच काटेरी फांद्या ओढत आणल्या आणि वर रचल्या. मातीला हात लावला नाही. फांद्यांना लावला.

आता घरी आहे. सुनीताला माहेरच्यांनी बोलावलं, ती गेली नाही. सकाळी शेतावर जाते, लाखोळी तोडते, कोपऱ्यातली सोडून. मालिका अजून लागते, मी बघते. जाड्या बाबूला हसते. पण आता मॅडमच्या पाठीमागं रांगेत जे लोक नुसतेच उभे असतात ना, ज्यांची गोष्ट त्या दिवशी नसते, त्यांच्याकडं माझं लक्ष जातं. त्यांचं पुढं काय झालं कोणी दाखवत नाही. धनराज तिथं नेमका कशानं गेला, दुपारी काय जेवला होता, शेवटी कोणाशी बोलला, हे मला कोणी सांगितलं नाही. आता सांगणारही नाही.

परवा कचेरीतल्या पोराचा फोन आला. शेवटचाच असणार. म्हणाला, "माँजी, फाइल बंद करनी है. अंतिम संस्कार कहाँ हुआ, लिखना पड़ता है. श्मशान घाट का नाम बताइए."

मी म्हटलं, "घाट नाही बाबा."

"तो क्या लिखूँ?"

"लिही, घरी."