बंडादाला पाहिजे तो कॅमेरा

लग्नाचे फोटो आम्ही पार्टीला देऊन टाकतो, पण किस्से कुणी मागत नाही. त्यामुळं ते आमच्याकडंच साठत जातात. हार्ड डिस्क भरली की नवी आणता येते. किस्से डोक्यातच ठेवावे लागतात आणि चहा समोर आला की आपोआप बाहेर पडतात!

आम्ही म्हणजे चौघं. मी वैशाली. राजारामपुरीत माझा स्टुडिओ आहे. कोल्हापुरात लग्न शूट करणाऱ्या बायका मोजक्या, आणि त्यात मी चांगली आहे. हे मीच सांगते, दुसरं कुणी सांगायची वाट कशाला बघू? भरतेश जयसिंगपूरचा, घरचं कापडाचं दुकान भावावर टाकून या धंद्यात पडला. शिवा हुपरीचा, चांदीच्या मालाचे फोटो काढतो. आणि चौथा बंडादा. आम्हा तिघांना कॅमेरा धरायला त्यानंच शिकवलं.

मुहूर्त नसला की आमची बैठक टपरीवर, आणि विषय एकच. पुढच्या मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात काय काय यायला पाहिजे? कंपनीवाले लांब कुठंतरी एसीत बसून ठरवतात. त्यांनी एकदा मे महिन्यात आमच्याकडं येऊन एक लग्न काढून दाखवावं, मग बोलू!

आमच्या तिघांच्या मागण्या हौसेच्या होत्या. बंडादाची गरजेची होती. त्याचा उजवा हात थरथर कापायला लागला होता. गोळ्या चालू होत्या, उतार नव्हता. त्यात पोरीचं, अश्विनीचं लग्न ठरलेलं. बंडादाचा हट्ट असा, की "अख्ख्या गावाच्या पोरींची लग्नं मी काढली, माझ्या पोरीचं दुसऱ्यानं काढायचं व्हय? हात कापला तरी फोटो हलणार न्हाय, असा कॅमेरा तेवढा येऊ दे." तसं आताच्या कॅमेऱ्यांतही स्टॅबिलायझेशन असतं, म्हणजे आपला हात थोडा हलला तर कॅमेरा आतल्या आत सावरून घेतो. पण बंडादाचा हात थोडाथोडका हलत नव्हता.

*

माझी मागणी आवाजाची.

मिररलेसचं मोठं कौतुक काय, तर आवाज होत नाही. मी नवा घेतला तेव्हा मिरवत होते. पहिलंच लग्न कागलकडचं. नवरदेवाचे मामा सगळं गोत घेऊन स्टेजवर उभे राहिले. मी फोटो काढला. कुणी हलेना.

"झालं मामा, उतरा."

"काय झालं?"

"फोटो झाला."

"कवा? आवाज कुठं आला?"

"ह्याला आवाज नसतोय."

मामा मामींकडं वळले, "बघ, मी म्हटलं न्हवतं, फोटोवाला चांगला बघा म्हणून?"

असा राग आला मला! स्क्रीनवर फोटो दाखवला, तर म्हणे हा मघाचा असेल. कॅमेऱ्यात खोटा आवाज चालू करता येतो, पण बाहेर बँजो वाजत असताना त्याची पिपाणी कोण ऐकणार? शेवटी मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि तोंडानंच जोरात "खटॅक!" केलं. सगळे खूश. मग काय, दिवसभर प्रत्येक ग्रुपला खटॅक! संध्याकाळपर्यंत घसा बसला.

जाताना मामा नवरदेवाच्या वडिलांना सांगत होते, "बाई लई भारी हाय. कॅमेराच भिक्कार हाय. बिचारीला तोंडानं चालवाय लागतोय!"

*

भरतेशचा सगळा विश्वास डोळे शोधणाऱ्या फोकसवर. समोर माणसाचा डोळा दिसला की कॅमेरा तो धरतो, आपण काही करायचं नाही.

आता आपल्याकडच्या स्टेजवर काय असतं? मागं भलामोठा फ्लेक्स, त्यावर शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांच्या रांगा. पुढं नवरदेव, कपाळावरनं मुंडावळ्या लोंबतायत, होमाच्या धुरानं डोळे मिटलेले. कॅमेऱ्यानं इमानदारीनं उघडे डोळे धरले. नवरा-नवरी धूसर, मागचे शुभेच्छुक मिशांच्या केसांसकट शार्प!

भरतेश अल्बम घेऊन गेला तो शिव्या खायच्या तयारीनं. नवरदेवाचे वडील पहिलं पान बघून तोंड उघडणार, एवढ्यात शेजारी बसलेल्या एका शुभेच्छुकानं अल्बम ओढून घेतला.

"नाद खुळा! ह्यातला माझा तेवढा मोठा करून दे की भावा, पुढच्या फ्लेक्सला लागतोय!"

*

यातनं भरतेश शहाणा होईल असं वाटलं होतं. तो निघाला आणखी पुढं. नव्या कॅमेऱ्यात ओळखीचा चेहरा साठवून ठेवता येतो, मग कितीही गर्दीत कॅमेरा तोच चेहरा धरतो. भरतेशनं जयसिंगपूरच्या एका लग्नात नवरदेवाचा चेहरा साठवला. काम असं फक्कड झालं, की त्यानं आम्हाला चहा पाजला.

पुढच्याच आठवड्यात त्याच भावकीत दुसरं लग्न. आधीचा चेहरा पुसायला हा विसरला, आणि आधीचा नवरदेव पाहुणा म्हणून हजर! कॅमेऱ्याला दुसरं कोण दिसायलाच तयार नाही. अक्षता टाकताना तो, पंगतीत तो, जिलेबी खाताना तो. नवा नवरदेव कुठंतरी कडेला पुसट उभा.

त्या नव्या नवरदेवाच्या आई, अक्का, चष्मा लावून फोटो बघत बसल्या. बघून झाल्यावर चष्मा काढला.

"भरतेश, लगीन कुणाचं हुतं?"

"अक्का, कॅमेऱ्याची चूक झाली."

"त्येचं झालंय की मागच्या आठवड्यात! आणि किती बायका करून देणार हायस त्येला?"

*

शिवाचं दुखणं वेगळं. चांदी आरशासारखी. चांदीच्या तांब्याचा फोटो काढायचा म्हटलं की त्याच्या पोटावर कॅमेऱ्यासकट शिवा उमटणार. म्हणून त्याला फोटो काढणारा माणूस गायब करणारा कॅमेरा पाहिजे.

हुपरीत घराघरात चांदीचं काम चालतं. अशाच एका माळ्यावर उकाड्यात शिवा बनियनवर बसून तांब्यांचे फोटो काढत होता. कारखानदारानं ते तसेच गिऱ्हाइकांना मोबाईलवर पाठवले. दुसऱ्या दिवशी शिवाला बोलावणं आलं.

"शिवा, शर्ट घालून काम करत जा की मर्दा! गिऱ्हाईक तांब्याचं वजन विचारायचं सोडून ह्यो उघडा गडी कोण म्हणून विचारालंय."

तो कॅमेरा काही अजून आला नाही. आता शिवा इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून तांब्यासमोर बसतो.

*

बंडादाला पाहिजे तो कॅमेराही आला नाही. नुसत्या अफवा येत राहिल्या, आणि अश्विनीच्या लग्नाचा दिवस आला.

मी माझा चांगल्यातला कॅमेरा त्याला महिनाभर आधीच दिला होता. तो रोज सराव करायचा, कोपर पोटाला दाबून, श्वास धरून. निम्मे फोटो हललेले यायचे. ते तो मोठे करून बघायचा आणि पुसून टाकायचा. मी एकदा म्हटलं, "दादा, मी काढते की." तर म्हणाला, "तू ये. पण जेवायला ये."

लग्नात डोक्याला फेटा, गळ्यात कॅमेरा. हळदीचे बरे आले, अक्षतांचे त्याहून बरे. माणूस खुशीत होता. मग भटजींनी कन्यादानाला हाक मारली. बंडादा पळत जाऊन होमाच्या पलीकडं गुडघ्यावर बसला आणि कॅमेरा डोळ्याला लावला.

"यजमान, या की."

"तुमी चालू करा, हिकडनं उजेड चांगला हाय."

"अहो, तुमीच यजमान! पोरीचा बाप कोण हाय हितं?"

मांडवात हशा झाला. बंडादाचा चेहरा पडला. हा विधी त्यानं आयुष्यभर काढला, आम्हीही काढला. पण त्यात बापाचे दोन्ही हात लागतात, हे त्याच्या आणि आमच्या, कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं! त्यानं कॅमेरा काढून माझ्या गळ्यात घातला आणि जाऊन पाटावर बसला.

खाली जावयाची ओंजळ, त्यावर अश्विनीची, सगळ्यात वर बंडादाची. वहिनी, म्हणजे अश्विनीची आई, वरनं पाण्याची धार धरायला लागल्या. बंडादाच्या ओंजळीत पाणी ठरेना. हात असा कापत होता, की अर्धं पाणी पाटावर. मी फोटो काढत होते. कॅमेरा, कॅमेरा धरणाऱ्याचा हात सावरतो. समोरच्याचा हात त्याला सावरता येत नाही. भटजी शार्प, जावई शार्प, बंडादाचे हात नुसते धूर. मागं पावणं कुजबुजायला लागलं. बंडादानं मान खाली घातली. मला रडू यायला लागलं होतं, तशीच बटण दाबत राहिले.

अश्विनीनं आपली ओंजळ वर उचलली आणि बापाच्या हातांना खालनं घट्ट लावली.

"पप्पा, मी धरलंय. सोडा पाणी."

आठवडा उलटल्यावर टपरीवर मी अश्विनीनं हात धरल्यानंतरचा फोटो मोबाईलवर त्याच्यापुढं धरला. बंडादानं चष्मा पुसला, फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत सगळी बोटं तपासली. भरतेश आणि शिवा आपापल्या चहात बघत होते.

"शार्प हाय," तो म्हणाला. मग मोबाईल माझ्या हातात दिला. "ह्या कॅमेऱ्याचं स्टॅबिलायझेशन लई भारी हाय, वैशे!"