आई यायच्या आत तुकतुकी

आईने मला रत्नागिरीला पाठवलं ते एका अटीवर. "एकदा जरी आजारी पडलीस, तरी गाठोडं बांधायचं आन् घरी यायचं." मी मान हलवली. मान हलवायला काय जातं? आमच्या लातूरकडच्या गावात शाळा सातवीपर्यंत. आठवी नदीपलीकडे. पोरीला नदीपलीकडे धाडायचं की नाही, याचा घरात विचार होता होता माझं आठवीचं वय निघून गेलं. आणि तीच मी अख्खा घाट उतरून कोकणात, काजूच्या कारखान्यात कामाला आले! अजून हसू येतं मला.

मग मी आजारी पडले. साधीसुधी नाही. श्रावणात टायफॉइड, तो उतरतोय तोवर कावीळ. दिवाळीचा फराळ मी लांबूनच पाहिला. घरी मात्र एक अक्षर कळवलं नाही. ज्यांच्या घरी मी भाड्याने राहते त्या काकूंनी मला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, तीन महिने पेज पाजली, आणि कारखान्यातल्या बाईंनी माझी जागा दुसऱ्या कुणाला दिली नाही. एवढं सगळं परक्या माणसांनी केल्यावर मी गाठोडं बांधून जाऊ? जीव जायचा माझा.

आईचा व्हिडिओ कॉल आला की मी कॅमेऱ्यावर अंगठा ठेवायची. "कॅमेरा बिघडलाय गं आई." महिनाभर चाललं. मग एक दिवस ती म्हणाली, "असं कर, मीच येते कॅमेरा बघायला. पुढच्याच्या पुढच्या रविवारी."

रिपोर्ट चांगले आले होते, भूक लागत होती, पण कातडी! हातापायांवर राखेसारखी खपली, नखाने ओढली तर पांढरी रेघ. ओठ फुटलेले, डोळ्यांखाली काळं. कारखान्यात आम्ही भाजलेल्या काजूची पातळ साल सोलतो आणि मग निवडतो, अख्खा वेगळा, तुकडा वेगळा, डागी वेगळा. आरशात बघितलं आणि मी स्वतःला मुकाट्याने डागीच्या डब्यात टाकलं.

डॉक्टरांना विचारलं, पंधरा दिवसांत तुकतुकी येईल का? ते म्हणाले, "पाणी पी, नीट जेव, झोप. आंघोळीनंतर साधं तेल लाव. हळूहळू येईल. उगाच काहीबाही फासू नकोस." मी मान हलवली. सांगितलंच ना, मान हलवायला काही जात नाही.

काकूंनी डब्यातून मुठेल काढलं. कोकमाच्या बियांचं हे तेल. थंडीत मेणासारखं घट्ट होतं, म्हणून मुठीत दाबून त्याचा गोळाच करून ठेवतात. "थोडासा घे गो, बोटावर," त्या म्हणाल्या. थोडंसं? माझ्याकडे दिवस होतेच किती! मी अर्धा गोळा वितळवून अंगाला चोपडला आणि ऐटीत निघाले, तर न्हाणीच्या दारात पाय सटकला तो थेट पडवीपर्यंत. चालत यायला जेवढा वेळ लागला असता त्याच्या निम्म्यात पोचले. काकूंचा मुलगा तिथे पेपर वाचत होता. त्याने पाय वर घेतले आणि मला जाऊ दिलं.

पण गंमत बघा, आठव्या दिवशी हातावरची पांढरी रेघ उमटेना. मी परत परत ओरखडून बघितलं. रेघ नाही! कारखान्यात सगळ्याजणींना हात दाखवत फिरले. "बघा, बघा ना." एक म्हणाली, "बाय माझे, हात बघून झाला, आता काजू सोलशील?" दहाव्या दिवशी ओठ मऊ झाले. गालांवर मात्र अजून तेज नव्हतं, आणि आई आधी गालच बघते.

त्यातच काकूंच्या मुलाचं लग्न आलं. मुलगी देवरूखची. शुक्रवारी हळद, शनिवारी लग्न, आणि रविवारी माझी आई. घरात लग्न आहे हे मी आईला मुद्दामच सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर ती लगेच माझ्या लग्नावर आली असती.

शुक्रवारी दारात मांडव पडला. कासार येऊन घरातल्या सगळ्या बायकांना हिरव्या बांगड्या भरून गेला, मलाही. नवऱ्यामुलाला हळद लागली, नवरीची उष्टी हळद देवरूखला रवाना झाली, तरी परात निम्मी भरलेली. काकूंनी माझं मनगट धरलं. "चल, बस पाटावर. उरलेली फुकट घालवायची नाय. कातडीला हळदीसारखा दुसरा औषध नाय, आणि लगीन पण जमतं लवकर!"

"मला फक्त कातडी पाहिजे काकू, लगीन नको."

"दोन्ही एकाच परातीत हाय गो, मी काय वेगळा करू?"

बायका हसत सुटल्या आणि चारी बाजूंनी हात आले. गाल, कान, मान, कोपर. शेजारच्या पाटावर नवरामुलगा तसाच पिवळाधमक बसून फोटो काढून घेत होता. आत खोलीत माझा फोन वाजत होता. कुठली उचलते? दोन्ही हात हळदीने भरलेले. मला इतकं हसू येत होतं की डोळ्यांतून पाणी. इतक्या दिवसांनी माझ्या अंगाला इतकी माणसं हात लावत होती, आणि कुणी ताप बघायला नव्हे!

तेवढ्यात मांडवाच्या तोंडाशी कुणीतरी थांबलं. हातात दोन पिशव्या, डोक्यावर पदर.

आई.

गावातली जीप कोल्हापूरला देवीला निघाली होती, तिच्यात ती ठरल्याच्या दोन दिवस आधीच बसली होती. पुढे एसटी. स्वतःचा फोन घरीच राहिलेला, म्हणून रत्नागिरीच्या अलीकडच्या पालीहून कुणाच्या तरी मोबाइलवरून तिने मला फोन केला होता. तोच आत वाजत होता.

आईने मांडव बघितला. माझ्या हातातल्या हिरव्या बांगड्या बघितल्या. पाटावर बसलेली पिवळी मी, माझ्या शेजारी पिवळा तो. पिशव्या खाली ठेवल्या आणि त्याच्याकडे बोट करून, अगदी हळू आवाजात विचारलं, "हा करतो काय?"

बिचारा उठूनच उभा राहिला. "बँकेत आहे."

"म्हंजे कॅमेरा बिघडला नव्हता," आई मला म्हणाली. "हे झाकत होतीस व्हय?"

तिने पिशव्या परत उचलल्या. पंधरा दिवस मी जे लपवायला तेल चोपडत होते, ते सगळं माझ्या तोंडून एका दमात बाहेर पडलं. "आई, लग्न नाही गं! कावीळ! मला कावीळ झाली होती, त्याआधी टायफॉइड, तीन महिने! ह्यांनी पेज पाजली, हे लग्न ह्यांच्या मुलाचं आहे, त्याची बायको देवरूखला आहे!"

आई जागच्या जागी खाली बसली.

"कावीळच ना? नक्की?"

"नक्की."

"अगं माझी माय," ती म्हणाली, आणि हसायलाच लागली. "कावीळ व्हय! मला वाटलं..." आणि हसता हसता रडली, रडता रडता माझ्या पाठीत एक धपाटा घातला, आणि तिचा पंजा पिवळा झाला. काकूंनी संधी साधून तिच्याही गालांना हळद लावली. "आता बसा विहीणबाई," त्या म्हणाल्या, तर आईने असे डोळे वटारले की सगळा मांडव पुन्हा हसला.

दुसऱ्या दिवशी वऱ्हाड देवरूखला गेलं, आम्ही दोघी मागे राहिलो. आईने मला उजेडात उभं केलं आणि सगळी तपासली. कोपरं, टाचा, पापण्या उलटून. अट अटच होती. शेवटी ती म्हणाली, "गाठोडं बांधायचं ठरलं होतं."

"हो."

"पण तीन महिने ह्या बाईनं तुला मरू दिलं न्हाई. तिच्या घरात लगीनकाम पडलेलं असताना तुला घेऊन जाऊ? तोंड कसं दाखवू मी?" आणि कमरेला पदर खोचून ती मांडवातली भांडी घासायला गेली.

आठ दिवस राहिली. रोज सकाळी मला मुठेल लावायची, बोटावर, थोडंसंच. जाताना गाठोडं तिनेच बांधलं, स्वतःचं. त्यात काकूंनी दिलेला मुठेलाचा गोळा होता, तिच्या टाचांसाठी.

गालांना तेज यायला पुढे दोन महिने लागले. डॉक्टरांनी सांगितलं तसंच, हळूहळू. अट आता नवी आहे, रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल. मी अंगठा कधीच ठेवत नाही, तरी फोन लागला की आईचं पहिलं वाक्य ठरलेलं, "बोट काढ आधी."

"नाहीये गं बोट."

"मग जरा उजेडात ये."