शेजारच्या गोठ्यातलं माझं लहानपण

"काका, बूट काढा. तेव्हा बूट नव्हते तुमच्याकडे."

असं म्हणणारा साहेब माझ्या धाकट्या भावाहूनही लहान होता. माझी ओळख होऊन त्याला तासभर झाला असेल. पण माझ्याकडे बूट नव्हते हे त्याला पक्कं माहीत होतं. मी काढले. मोजेही काढले. मग त्याच्याबरोबर आलेल्या मुलीनं डबीतलं काळं ग्रीस बोटावर घेतलं आणि माझ्या गालाला लावलं. मग कपाळाला. मग तिला वाटलं मान राहिली, म्हणून मानेला. बिचारी हळूच लावत होती, माफी मागितल्यासारखी. रविवारची सकाळ, दहाचं ऊन, अख्खी गल्ली दारात उभी, आणि पन्नाशीला टेकलेला एक माणूस लहान पोरासारखा गाल पुढं करून बसलेला. तो माणूस मी.

बावीस वर्षं मी ट्रक चालवतो. त्यातली अकरा या कंपनीत. कंपनी मोठी आहे. गाड्या किती ते मला सांगता येणार नाही, पण कुठल्याही हायवेला चहाला थांबलो की आमची एक तरी निळी गाडी समोरून जातेच. मुख्य ऑफिस पुण्याला, आमची शाखा कोल्हापुरात शाहूपुरीत, आणि गाड्या लावायचं यार्ड शहराबाहेर. हल्ली ड्रायव्हर मिळत नाहीत. नवीन माणसं या धंद्यात येत नाहीत, आलेली टिकत नाहीत. म्हणून कंपनीनं ठरवलं, ड्रायव्हरसुद्धा मोठा होतो हे लोकांना दाखवायचं. यार्डात शिकवायला एक प्रशिक्षक नेमायचा, तोही ड्रायव्हरांतूनच. त्यासाठी परीक्षा घेतली. आधी लेखी, मग गाडीवर. भरलेली गाडी उतारावर मागं घेऊन दोन खांबांच्या मधे लावायची होती. माझा पहिला नंबर आला.

ती जागा मला का हवी होती ते सांगतो. माझी कंबर गेली आहे. केबिनमधून उतरताना आधी दार धरून उभा राहतो, मग पाय खाली टाकतो. मुलीचा बारावीचा निकाल लागला तेव्हा मी गुजरातेत होतो. सासरे गेले तेव्हा तामिळनाडूत. गल्लीतल्या बायका माझ्या बायकोला विचारतात, पावणं कधी येणार हाईत? पावणं म्हणजे मी, तिचा नवरा. ती हसून काहीतरी तारीख सांगते. प्रशिक्षकाला सकाळी नऊला जायचं असतं आणि संध्याकाळी जेवायला घरी यायचं असतं. मला मोठं व्हायचं नव्हतं हो. घरी यायचं होतं.

शाहूपुरीतल्या ऑफिसात मला सांगितलं की एक छोटी फिल्म करायची आहे. तुमचीच गोष्ट, तुमच्याच तोंडून. ती झाली की नेमणुकीचं लेटर हातात. मी लगेच हो म्हटलं. आपली गोष्ट आपण सांगायची, त्यात काय अवघड आहे?

पण ते पुण्याचे लोक आले आणि पहिलं घोडं अडलं ते घरापाशीच. घर स्लॅबचं आहे. तीन खोल्या, पुढं कट्टा. माझ्या वडिलांनी, आबांनी, ते एकेक खोली करत बांधलं. साहेब म्हणाले, हे आधीच्या भागात चालणार नाही. फिल्मचे दोन भाग होते. कंपनीत येण्याआधीचा मी आणि कंपनीत आल्यानंतरचा मी. घर 'नंतर'मध्ये घेऊ म्हणाले. 'आधी'साठी त्यांनी गल्लीत फिरून शेजाऱ्याचा म्हशीचा गोठा पसंत केला. पत्र्याचा, एका अंगाला कललेला. शेजाऱ्यानं म्हैस सोडून बाहेर खुंटाला बांधली आणि विचारलं, हिला काय काम हाय का पिक्चरमध्ये. सगळे हसले. मीही हसलो. माझ्या त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

बायको नवी साडी नेसून पोह्याच्या ताटल्या घेऊन आली होती. तिला आत जायला सांगितलं. साडी चांगली होती म्हणून.

तर असा मी त्या गोठ्याच्या दारात बसलो. अनवाणी, फाटका बनियन, तोंडाला ग्रीस. हे माझं लहानपण. साहेबांनी हातात एक कागद दिला. त्यावर चार वाक्यं होती. माझे वडील दारू पिऊन पडायचे. आम्ही भावंडं उपाशी झोपायचो. मी वाया गेलेला मुलगा होतो. कंपनीनं मला माणूस केलं.

मी म्हटलं, साहेब, हे खरं नाही. साहेब चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मला समजावून सांगितलं की लोकांना आधी दुःख दिसलं पाहिजे, त्याशिवाय यश दिसत नाही. स्टोरी आहे, मनावर घेऊ नका, म्हणाले.

आबा तिथून दहा पावलांवर आमच्या कट्ट्यावर बसले होते. ऐंशीच्या पुढं आहेत. दिसतं कमी, ऐकू मात्र सगळं येतं. आबासुद्धा ट्रक ड्रायव्हरच. शिरोळ भागातल्या कारखान्यांची साखर त्यांनी जन्मभर वाहिली. गाडीत चढण्याआधी टॉमीनं, चाकं खोलायच्या लोखंडी दांड्यानं, एकेक टायर ठोकून त्याचा आवाज ऐकायचे आणि मगच चावी लावायचे. मीही तेच करतो, त्यांच्याकडूनच शिकलो. माळकरी वगैरे नव्हते, तांबड्या रश्शावर जीव होता, पण दारूला कधी शिवले नाहीत. ज्या हातात स्टिअरिंग त्या हातात बाटली नको, असं म्हणायचे. मी नववीत होतो तेव्हा एका खेपेवरून येताना त्यांनी मला काळे बूट आणले. एक नंबर मोठे. पुढच्या वर्षीही चालावेत म्हणून. उपाशी तर आम्ही एकदाही झोपलो नाही. आई कशी भागवायची ते तिलाच माहीत, पण नाही झोपलो.

हे सगळं मला माहीत होतं. तरी मी ते वाक्य म्हटलं.

कुणी माझ्या मानगुटीवर बसलं नव्हतं. मी दमलो होतो. खरं कारण एवढंच आहे. लेटर मिळालं की घरी यायचं, हे एकच डोक्यात होतं. कॅमेऱ्यात बघून म्हणालो, माझे वडील दारू पिऊन पडायचे. कट्ट्याकडे बघितलं नाही.

साहेब म्हणाले, छान, पण आवाजात थोडं रडू आणा. मी परत म्हटलं. या वेळी रडू आलं. आणावं लागलं नाही, आलंच. ते कशाचं होतं हे त्यांना कळायचं कारण नव्हतं. मुलगी म्हणाली, एकदम नॅचरल. गल्लीत आता कुणी हसत नव्हतं. शेजारी म्हशीच्या पाठीवर हात ठेवून जमिनीकडे बघत होता. त्याचं सगळं आयुष्य आबांच्या शेजारी गेलंय.

तेवढ्यात कुणाची तरी मोटरसायकल फाटक्या सायलेन्सरनं गेली. आवाज खराब झाला म्हणाले. पुन्हा एकदा. शेवटचं.

मी कागद धरून बसून राहिलो. तोंड उघडेना. साहेब म्हणाले, "काका, बोला." तेव्हा कट्ट्यावरून आबा बोलले.

"म्हण की रं. तू म्हटलास म्हणून मी काय दारुडा हुतोय व्हय? म्हण आणि घे ती जागा. पोटासाठी मी बी लई गिळलंय."

त्या आवाजात राग नव्हता. म्हणूनच तो लागला. तो आवाज मी आधी ऐकला होता. लहानपणी सुट्टीत आबांच्या गाडीतून एका कारखान्यावर जायचो. वजनकाट्यावरचा बाबू त्यांना 'ए ड्रायव्हर' म्हणून हाक मारायचा. आबांचं नाव त्याला माहीत होतं. रोज पावतीवर लिहायचा ना तो. तरी 'ए ड्रायव्हर'. ऊन असो, पाऊस असो, खिडकीबाहेर उभं करायचा, आणि आबा म्हणायचे, जी साहेब. याच आवाजात. मला वाटायचं, आबांना काही वाटत नसेल. मोठ्या माणसांचं असंच असतं असं वाटायचं. त्या गोठ्यात बसल्यावर कळलं. वाटायचं. आबांना सगळं वाटायचं. आम्ही भावंडांनी शाळेत जावं म्हणून ते गिळत होते. आणि आता या वयात त्या माणसाला मी पुन्हा गिळायला लावत होतो. बाबूनं नाही. पुण्याच्या साहेबानंही नाही. मी.

मी उठलो. कागद साहेबांच्या हातात दिला. म्हणालो, "आधीचं दोन वेळा म्हटलेलं पुसा."

"ते आम्ही ऑफिसला गेल्यावर बघू, काका."

"न्हाय. हितंच. माझ्या म्होरं."

साहेब फोन कानाला लावून गल्लीच्या तोंडापर्यंत गेले, परत आले. मी गोठ्याच्या दारात तसाच उभा होतो. शेवटी त्यांनी कॅमेरावाल्याला मान हलवून सांगितलं. तो मुकाट्यानं माझ्याजवळ आला, मला दिसेल असा कॅमेरा धरला, आणि पुसलं. दोन्ही. मग मला एकदा मागंपुढं करून दाखवलंही. तोही पगारी माणूस.

जाताना साहेब म्हणाले, "विचार करा. लेटर तयार आहे. नाहीतर जन्मभर ड्रायव्हरच राहाल."

"ड्रायव्हरच हाय मी," मी म्हणालो. "आबा बी ड्रायव्हरच हुतं. त्यात लाजण्यागत काय हाय ते सांगा."

साहेब वळले. गाडीत बसले आणि गेले.

ग्रीस नुसत्या पाण्यानं निघत नाही. बायकोनं कपड्याची पावडर आणून माझ्या ओंजळीत ओतली. मी नळाखाली बसून तोंड घासत राहिलो. गाल लाल होऊन चुरचुरायला लागले तरी घासत होतो.

यानंतर काही चांगलं झालं नाही. जागा दुसऱ्या नंबरच्या ड्रायव्हरला गेली. माणूस चांगला आहे, गाडीवर हात चांगला आहे. मी त्याला नावं ठेवणार नाही. त्यालाही कंबर आहे, त्यालाही घर आहे. त्याची फिल्म सगळ्यांच्या मोबाईलवर आली. त्यातही एक पत्र्याचा गोठा आहे. मला पुढची खेप गुवाहाटीची लागली, त्याच्या पुढचीही तिकडचीच. मुद्दाम दिली असं मी म्हणत नाही. आजवर लागत नव्हती, एवढंच सांगतो.

गुवाहाटीच्या पहिल्या खेपेला निघताना बायको माझी बॅग भरता भरता म्हणाली, "आबांचं राखलासा. माझं काय?" मी बॅगेची चेन लावली. आबांनीही पाठ थोपटली नाही. चुकलास, जागा घ्यायची हुतीस, म्हणाले, आणि कूस बदलून झोपले. मी दमलेलो होतो, अजून दमलेलाच आहे. नकार दिला म्हणून कंबर दुखायची थांबत नाही.

धाब्यावर ओळखीतले ड्रायव्हर मला विचारतात, तुमच्या त्या मोठ्या कंपनीत आपला माणूस वर जातो का? मी खोटं सांगत नाही. जातो म्हणतो. पण वर जाताना बापाला खाली ढकलायला सांगतात, हेही सांगतो. मग ज्याचं त्यानं ठरवावं.

माझं ठरलं आहे. उन्हाळ्यात यार्डात प्रशिक्षकाच्या दुसऱ्या जागेसाठी परीक्षा आहे. मी बसणार आहे. पहिला नंबर काढणार आहे, पुन्हा. ती जागा मला कुणाची भीक म्हणून नको, गाडी येते म्हणून पाहिजे. नाही दिली तर पुढच्या वर्षी बसेन. तेव्हाही नाही दिली तर त्याच्या पुढच्या वर्षी. कंबर चालेल तोवर बसेन. फॉर्म परवाच आणला. त्यात एक ओळ आहे, वडिलांचा व्यवसाय. ऑफिसातला पोऱ्या म्हणाला, तिथं शेती टाका, सगळे तेच टाकतात, बरं दिसतं. मी त्याच्याच टेबलावरचं पेन घेतलं आणि लिहिलं, ट्रक ड्रायव्हर.