नाव नाई, तर मरण बी नाई

भागीरथाबाई नर्स रिटायर झाल्या त्या दिवशी मोठ्या साहेबांनी भाषण ठोकलं. मागं भिंतीवर तक्ता लावला होता, त्याच्यावर वरून खाली उतरत आलेली लाल रेघ. म्हणे, "पाहा, बालमृत्यू कसे कमी झाले. आकडे खोटं बोलत नाहीत." मी मागच्या खुर्चीवर दात खात बसलो होतो. अरे बाबा, ते आकडे मीच भरले होते अन् ती रेघ बी माझ्याच कॉम्प्युटरची. उठून शिव्या द्याव्या वाटत होत्या, अन् पहिली शिवी सोतालेच.

मी रईस, वडशाचा. अब्बाचं शिलाईचं दुकान, पण मले सुई-धाग्याचा कंटाळा. नव्याण्णव साली कॉम्प्युटरचा कोर्स केला अन् दक्षिणेकडच्या जंगलात, तालुक्याच्या आरोग्य ऑफिसात कंत्राटावर लागलो. काम सोपं. नर्सबाया महिन्याचे कागद आणत, किती जन्मले, किती मेले, अन् मी मशीनमंदी टाकत जाये.

सगळ्यात जास्त मरणं भागीरथाबाईच्या कागदात. पहिल्यांदा मले वाटलं, बाई कामचोर असन. मग समजलं, उलटं आहे. बाकीच्या नर्सा जास्त मरणं दाखवली का नोटीस येते म्हून मरणं खात होत्या. या बाई एकही सोडत नोत्या.

बाई राजुऱ्याकडच्या. नवरा लवकर गेला, सासरच्यांनी हाकललं, मंग नर्सचं शिकल्या. चौऱ्याऐंशी साली हेटीटोल्याच्या उपकेंद्रात आल्या अन् तिथीच राह्यल्या. चार टोले, म्हंजे जंगलातल्या चार वस्त्या, अन् एक सायकल. दवाखाना सव्वीस किलोमीटर, कच्चा रस्ता. गोंडी त्या टोल्यावरच्या बायांपासूनच शिकल्या अन् त्याच गोंडीत त्यायले झापत. जीभ अशी तिखट का साहेबही घाबरे. पण लेकरू गेलं का दोन दिवस जेवत नसत. मले एकदा म्हणाल्या, "रईस, हे लेकरं आजारानं कमी मरते अन् रस्त्यानं जास्त. एक गाडी असती तर अर्धे जगले असते."

अन् दोन हजार साली गाडीची योजना आलीच! जिथं बालमृत्यू सगळ्यात जास्त, त्या उपकेंद्राले एक जीप, तिथीच मुक्कामी. फक्त एक अट, प्रत्येक मरणाची नोंद कॉम्प्युटरवर पायजे. बाई दोन वर्षांची वही घेऊन धावतच आल्या. एकवीस लेकरं.

पहिलीच नोंद अडली. मशीनले लेकराचं नाव पायजे. रकाना रिकामा ठेवला तर पुढं सरकेच ना. मी 'बाळ' लिहिलं, ते घेतलं. दुसऱ्यालेही 'बाळ' लिहिलं तर म्हणे, या नावाची नोंद आधीच आहे.

"बाई, नावं सांगा."

"नाव कुठून आणू? ठेवलंच नाई तर?"

मग त्यायनं रीत सांगितली. त्या टोल्यावर नाळ पडल्याबिगर नाव ठेवत नाई. त्याच्या आधी गेलं, तर मोहाच्या झाडाखाली पुरते अन् माय पुन्हा त्याचं बोलत नाई. बोललं का ते मागं वळून येते अन् पोटातल्याले सोबत घेऊन जाते, असं मानते.

मी मोठा शहाणा! म्हटलं, "बाई, नावं मी टाकतो. पाह्यते कोन?"

बाई घुटमळल्या. "पाप तर नाई लागत?"

"मशीनले कायचं पाप?"

आठ-दहा नावं पटापट सुचली. झिंगू, लटारू, दिव्यानी. मग डोकं चालेना. दुपारचे तीन वाजले होते, पोटात कावळे ओरडत होते. बहिणीच्या लेकरायची नावं ठोकून दिली, जोया, फरहा, जिशान. एकवीस झाले. जेवायले गेलो.

हेटीटोला यादीत पहिला आला. बाईनं टोलाभर सांगितलं, गाडी येऊन राह्यली. बायायनं उपकेंद्रापुढचं झुडूप तोडून गाडीसाठी जागा साफ केली.

आखाडात पडताळणीले वरून एक साहेब आला. शाळेच्या पटांगणात लोक बसवले अन् यादी वाचायले लागला. "झिंगू कोणाचा?" कोणी हललं नाई. "जिशान?" लोक एकमेकांकडे पाहू लागले. "जोया? फरहा?" पोरं हसायले लागली. सगळा गोंडांचा टोला, तिथी फरहा कुठून येईन? मी बाजूलेच उभा होतो. या अल्ला, जमीन फाटावी अन् मी आत जावं, असं झालं.

"बाई, जीपसाठी लेकरं मारली का कागदावर?" साहेब म्हणाला.

मी पुढं झालो. "साहेब, नावं मी टाकली. चूक माझी. पण मरणं खरी आहेत."

"नाव खोटं, तर नोंद खोटी."

बाई एकेका मायपुढं जाऊन बसल्या. सांग ना वं, एवढंच सांग का लेकरू झालं होतं. बाया जमिनीकडं पाहात राह्यल्या. म्हातारा पोचूभाऊ म्हणाला, "बाई, तुमाले मालूम आहे. आमी नाई बोलत."

मग मनकर्णा उठली, मुखरूची बायको. चौथा महिना चालू होता. सासूनं पदर ओढला, तिनं सोडवून घेतला. "मले पोरगी झाली होती साहेब. पाच दिवस जगली. गाडी असती तर राह्यली असती."

साहेबानं यादीवर बोट ठेवलं. "मुखरूची पोरगी... दिव्यानी. हीच का?"

हो म्हण, हो म्हण, मी मनातल्या मनात ओरडून राह्यलो होतो. एका 'हो'चंच काम होतं! पण मनकर्णाले खोटं बोलता येत नोतं.

"नाई. या नावाची पोरगी मले नाई झाली."

साहेबानं लाल पेनानं एकवीस रेघा मारल्या. हेटीटोला यादीच्या तळाले गेला. जीप डांबरी रस्त्यावरच्या एका गावाले मिळाली. बाईले नोटीस. मले काहीच नाई, कंत्राटी माणसाले कोण इचारते? बाई मले एक शब्दही बोलल्या नाईत. थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

डिसेंबरात मनकर्णा बाळंत झाली. पोरगा, अंगानं बारीक. दुसऱ्या दिवशी थंड पडायले लागला, दूध ओढेना. बाईनं त्याले लुगड्याच्या आत पोटाशी बांधलं अन् बैलगाडी जुंपायले लावली. बाई मागं बसून त्याचे तळवे चोळत होत्या. दुपारी बारा-एकच्या सुमारास हातातच गेला. दवाखाना अजून अर्धा रस्ता होता. मुखरूनं तिथूनच बैल वळवले.

टोल्यावर तेच सुरू झालं. म्हटलं नोतं का, बोलू नको? बोलली, म्हून पहिलीनं येऊन याले नेलं.

जानेवारीत बाई महिन्याचा कागद घेऊन आल्या. मृत्यूच्या रकान्यात शून्य. त्यायच्या हातचं पहिलं खोटं शून्य.

"बाई, मनकर्णाचं?"

बाई खुर्चीवर बसल्या. मग म्हणाल्या, "तिनं माझे पाय धरले रे. म्हणे, बाई, याले तरी कागदावर घेऊ नका. मी बोलली, म्हून हा गेला."

"पण असं तर आपल्याले कधीच गाडी..."

"शून्य टाक, रईस. तिले अजून एक लेकरू पायजे आहे."

मी शून्य टाकलं.